राजीनाम्याआधी वाचायच्या जपानी कादंबऱ्या

पत्र : "वय ३६. ठाण्यात राहते. आरोग्य विम्याचे दावे हाताळणाऱ्या एका कंपनीत कॅशलेस मंजुरीच्या डेस्कवर ११ वर्षं काढली. शिफ्ट नऊ ते सहाची, पण उठायला साडेआठ वाजतात; एकाआड एक शनिवारही जातो. मागच्या दिवाळीत मैत्रिणीने सायाका मुराताचं 'कन्व्हीनियन्स स्टोअर वुमन' दिलं, ते एका बैठकीत संपवलं. तेव्हापासून जपानी कादंबऱ्यांचा नादच लागलाय. दुकान, कारखाना, ऑफिस, मग कॉफी, मांजर, जुन्या पुस्तकांचं दुकान, हाताला लागेल ते वाचते, तेही रात्री अकरानंतर फोनवर. नवरा म्हणतो, 'दिवसभर ऑफिस करतेस आणि रात्री परत दुसऱ्याचं ऑफिस वाचतेस?' त्याचंही चूक नाही. पण मग मला यात एवढं काय सापडतं? आणखी काय वाचू? आणि खरं सांगायचं तर ही नोकरी सोडून डोक्याला ताप नसलेलं एखादं काम धरावं असं वाटायला लागलंय. हे पुस्तकांमुळे होतंय का?"

उत्तर :

शेवटचा प्रश्न आधी घेऊ. पुस्तकांमुळे होत नाहीये. तुम्ही दिलेल्या वेळांचा नुसता हिशेब करा. जेवणाचा तास वगळला तर शिफ्ट आठ तासांची. वर रोजचे अडीच तास, महिन्याचे २४ दिवस, म्हणजे ६० तास जादा. जपानमध्ये २०१९ च्या एप्रिलपासून ओव्हरटाइमची कायदेशीर मर्यादा सर्वसाधारणपणे महिन्याला ४५ आणि वर्षाला ३६० तास आहे. शिवाय तिथे आठवडा ४० तासांचा धरतात, म्हणजे तुमचे ते दोन शनिवारही जादातच जमा. मग आकडा ७६ होतो. हृदयविकार किंवा पक्षाघात कामाच्या ताणाने आला का हे ठरवताना तिथले अधिकारी ज्या रेषा पाहतात त्यातली एक आहे दोन ते सहा महिन्यांची सरासरी ८० तास; दुसरी, आदल्या एकाच महिन्यात १००. तुम्ही पहिल्या रेषेपासून चार तासांवर आहात. ही मोजपट्टी त्यांची, आपल्या कायद्यातली नाही. पण शरीर दोन्हीकडे सारखंच आहे. तेव्हा थकवा कादंबरीतून आला या शंकेला इथेच रजा द्या.

आता पुस्तकं. पहिली गोष्ट, थोडी खटकेल. 'कन्व्हीनियन्स स्टोअर वुमन' ही थकव्याची कादंबरी नाहीच. २०१६ साली अकुतागावा हे जपानमधलं मानाचं साहित्य पारितोषिक मिळवलेल्या या पुस्तकातली केईको फुरुकुरा ३६ वर्षांची, तुमच्याच वयाची, एकाच दुकानात १८ वर्षं तासावारी काम करणारी. ती कामाला विटलेली नाही. विटलेले आहेत ते तिच्या आजूबाजूचे: लग्न नाही, कायम नोकरी नाही, मग हिचं करायचं काय, म्हणून तिच्यामागे लागलेली बहीण, मैत्रिणी, मैत्रिणींचे नवरे. दुकान सुटतं तेव्हा तिचं खाणं-झोपणंही विस्कटतं, कारण उद्या कामावर ताजंतवानं जायचं म्हणूनच ती वेळेवर जेवत आणि झोपत होती. तुम्ही ते एका बैठकीत संपवलंत ते बहुधा हेवा वाटून: कामाशी इतकं चोख जमलेलं माणूस! त्याला थकव्याची ओळख पटणं समजू नका. हा फरक यासाठी सांगतोय की पुढची निवड त्यावर ठरते. कामाशी पुन्हा जमवून घ्यायचं आहे की काम बदलायचं आहे, याची दोन वेगळी पुस्तकं आहेत.

तुम्हाला यात सापडतं ते कामाचं वर्णन, असं आमचं मत. मुराता सुरुवात करते ती दुकानातल्या आवाजांपासून. गिऱ्हाइकाच्या खिशात नाणी वाजली की केईकोला कळतं, हा सिगरेट किंवा पेपर घेऊन घाईत जाणार. ती आधीच काउंटरकडे वळते. लेखिकेने स्वतः अशा दुकानात वर्षानुवर्षं काम केलंय, आणि ते प्रत्येक ओळीत दिसतं. डिस्चार्ज समरीचं पहिलं पान बघून क्वेरी, म्हणजे रुग्णालयाला विचारायची शंका, कुठे निघणार हे तुम्हीही असंच ओळखत असाल. त्या कसबाला कुणी कसब म्हणत नाही, अप्रेझलच्या फॉर्ममध्ये त्याला रकाना नसतो, आणि इथे एक अख्खं पुस्तक तेच महत्त्वाचं मानून लिहिलेलं असतं. मराठीत कारकून काही कमी नाहीत. 'असा मी असामी'तला धोंडो भिकाजी जोशी तर आपल्या घरचाच. पण टेबलावरच्या फाइलमध्ये नेमकं काय होतं, ती पुढे सरकवायला हात काय काय करतात, हे आपल्याकडे फारसं आलेलं नाही. आपलं ऑफिस म्हणजे साहेब, चहा, लोकल आणि पगाराची तारीख. कामगारांच्या कवितेत यंत्र आणि घाम आहे, टेबलावरचं काम तिथेही नाही. म्हणून ही पोकळी जपानी पुस्तकांनी भरली तर त्यात नवल नाही.

दुसरं कारण तिथल्या पिढीचं. १९९० च्या सुरुवातीला जपानमधला शेअर आणि जमिनींच्या भावांचा फुगा फुटला आणि साधारण १९९३ ते २००५ या काळात पदवी घेणाऱ्यांना कायम नोकऱ्या मिळणं अवघड झालं. तिथे कंपन्या नव्या पदवीधरांना एकगठ्ठा एप्रिलमध्ये घेतात. ती गाडी चुकली की पुढे कंत्राटी, तासावारी, एजन्सीमार्फत असंच फिरत राहायचं. एजन्सीमार्फत माणसं पुरवायला परवानगी देणारा, १९८६ पासून अंमलात आलेला कायदा १९९९ मध्ये बहुतेक कामांना आणि २००४ मध्ये कारखान्यांनाही लागू झाला. आज तिथल्या नोकरदारांपैकी एक तृतीयांशाहून जास्त लोक कायम नोकरीबाहेर आहेत. मुराताचा जन्म १९७९ चा, किकुको त्सुमुराचा १९७८ चा, हिरोको ओयामादाचा १९८३ चा. त्यांनी हे बाहेरून पाहून लिहिलेलं नाही. म्हणूनच या पुस्तकांत बढती नाही, सूड नाही, खलनायक साहेब क्वचितच. कोण चुकलं ते सापडत नाही आणि तरी माणूस झिजतं. तुमच्या डेस्कचंही तसंच आहे ना? कॅशलेसचा निर्णय एका तासात, डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत, हे बंधन विमा नियामकाने २०२४ मध्ये घातलं ते रुग्णाच्या सोयीसाठी, आणि ते योग्यच होतं. माणसं मात्र तेवढीच राहिली असतील तर तो तास तुमच्या पाठीवर बसणार. रागावायचं कुणावर?

हे तुम्हाला ज्या एका पुस्तकात सगळ्यात नीट सापडेल ते तुमच्या यादीत दिसत नाही: किकुको त्सुमुराचं 'देअर इज नो सच थिंग अ‍ॅज अ‍ॅन ईझी जॉब'. जपानीत २०१५, पॉली बार्टनचा इंग्रजी अनुवाद २०२०. चारशेच्या आसपास पानं. नायिका पुन्हा ३६ वर्षांची, नाव शेवटपर्यंत कळत नाही. १४ वर्षांची नोकरी थकून सोडलेली, आईवडिलांच्या घरी परतलेली, बेकारीचा विमाही संपलेला. रोजगार सल्लागार बाईंना ती सांगते: घराजवळ हवं, आणि त्वचेच्या क्रीमसाठी कोलॅजन निघतंय यावर दिवसभर खुर्चीत बसून नजर ठेवायची, इतपत सोपं हवं. म्हणजे तुमचीच मागणी, जरा विनोदी करून.

मग तिला एकामागून एक पाच कामं मिळतात. एका लेखकावर छुप्या कॅमेऱ्यातून पाळत ठेवायची. बसमध्ये वाजणाऱ्या दुकानांच्या जाहिराती लिहायच्या. तांदळाच्या कुरकुरीत बिस्किटांच्या पाकिटावरचा मजकूर लिहायचा. दारोदार जाऊन पोस्टर बदलायची. एका मोठ्या उद्यानातल्या झोपडीत बसून तिकिटांना फाडण्यासाठी भोकांची रेघ पाडायची. पाचही कामं वरून बघितली तर फुकट पगाराची. आणि प्रत्येक वेळी, काही आठवड्यांत, ती त्यात गळ्यापर्यंत बुडते. लेखक जे खातो ते तिलाही खावंसं वाटू लागतं. पाकिटावरचा मजकूर लोकांना आवडला की पुढचा तेवढाच चांगला व्हायला हवा म्हणून तिची झोप उडते. ही मेख लक्षात घ्या. काम सोपं होतं. काम करणारी तीच होती.

पुस्तकाचा शेवट आधी कळायला नको असेल तर हा परिच्छेद सोडून पुढे जा. तिची मूळ नोकरी कोणती हे लेखिका अगदी उशिरा सांगते: रुग्णालयातली समाजसेविका. रुग्ण, नातेवाईक, डॉक्टर, पैसे यांच्यामध्ये उभं राहून रोज कुणाची तरी अडचण ऐकायची आणि बऱ्याचदा 'नाही' म्हणायचं. तुमच्या डेस्कवर तोच माल दुसऱ्या दाराने येतो. तुम्ही 'डोक्याला ताप' म्हणता त्यातला किती भाग तासांचा आणि किती भाग रिजेक्शनच्या शेऱ्यामागच्या माणसाचा, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. या पुस्तकाने तो प्रश्न पडेल. शेवटी ती एखाद्या निवांत कामात स्थिरावत नाही, जुन्याच क्षेत्राकडे वळते. पण आधी पाच वेगळ्या पाण्यांत बुडून आल्यावर. त्सुमुरा स्वतः पदवीनंतरच्या पहिल्या नोकरीतून वरिष्ठाच्या छळामुळे वर्षाच्या आत बाहेर पडली, नंतर दुसरीकडे नोकरी करत लिहीत राहिली. कदाचित म्हणूनच तिच्या पुस्तकात राजीनाम्याला हार घातलेले नाहीत.

हिरोको ओयामादाचं 'द फॅक्टरी' सव्वाशेच्या आत पानांचं आहे, आणि तरी वाचायला जड. तीन माणसं एका अवाढव्य कारखान्यात कामाला: एक दिवसभर कागद श्रेडरमध्ये घालते, तिचा भाऊ कुठल्याशा कागदपत्रांवर लाल पेनने दुरुस्त्या करतो, तिसरा छपरांवर शेवाळ वाढवण्यासाठी शेवाळाचा अभ्यास करतो. त्याला ना मुदत ना वरिष्ठ. कारखाना काय बनवतो ते कुणालाच माहीत नाही. लेखिकेने एका वाहन कंपनीच्या उपकंपनीत तात्पुरती नोकरी केली होती, त्यातून हे आलं. परिच्छेद लांबच लांब, संवाद ओळ न तोडता आतच, आणि वाक्याच्या मधेच काही वर्षं निघून गेलेली. वाचक मधेच गोंधळतात आणि मागे जाऊन शोधत बसतात, आपलं काही सुटलं का. सुटलेलं नसतं. दिवस एकमेकांत मिसळून वर्षं कुठे गेली ते न कळणं, हाच त्या बांधणीचा उद्देश आहे. सरळ पुढे वाचत राहा, आणि हे पुस्तक फोनवर मुळीच नको: पडदा छोटा, परिच्छेद संपतच नाही, डोळा चुकतो. सध्या इतकी दमलेली असताना याला हात लावू नका असंही म्हणेन. दोन महिन्यांनी बघा.

एमी यागीचं 'डायरी ऑफ अ व्हॉइड' मात्र लगेच घ्या. शिबाता ही पुठ्ठ्याच्या नळकांड्या बनवणाऱ्या कंपनीतली एकटी बाई. मीटिंगनंतरचे कॉफीचे कप उचलणं कुणी न सांगताच तिच्याकडे. एके दिवशी वास सहन होत नाही, म्हणून ती ठोकून देते: मला दिवस गेलेत. कप बंद, ओव्हरटाइम बंद. पुढचं पुस्तक गरोदरपणाच्या आठवड्यांनुसार जातं. सगळ्यात मजेचा भाग म्हणजे ती उजेडात घरी पोचायला लागते तेव्हाची तिची नवलाई. यातून राजीनाम्याबद्दल काही शिकायला मिळत नाही. दिवसाचे दोन तास परत मिळाले तर माणसाचं काय काय होतं, ते मात्र फार छान दिसतं.

आता कॉफी, मांजर आणि पुस्तकाचं दुकान. या मऊ पुस्तकांना नाक मुरडायचं कारण नाही. झोपेआधी वाचायचंच असेल तर तीच वाचा. फक्त प्रत्येक पुस्तकाला एक प्रश्न विचारा: भाडं कोण भरतंय? सातोशी यागिसावाच्या 'डेज अ‍ॅट द मोरिसाकी बुकशॉप'मधली ताकाको नोकरी सोडून तोक्योच्या जिंबोचो भागात जुन्या पुस्तकांत रमते, कारण दुकान मामाचं आहे आणि वरच्या मजल्यावर खोली रिकामी आहे. त्सुमुराच्या नायिकेला आईवडिलांचं घर आहे आणि सुरुवातीला बेकारीचा विमा होता. केईको स्वतःचं भाडं तासाच्या पगारातून भरते, म्हणून तिच्या निर्णयांना वजन आहे. हा प्रश्न विचारला की 'सोडून दिलं आणि सगळं छान झालं' या चित्रातला न दिसणारा पैसा दिसायला लागतो. या मऊ पुस्तकांपैकी मिचिको आओयामाचं 'व्हॉट यू आर लुकिंग फॉर इज इन द लायब्ररी' त्यातल्या त्यात कणखर: पाच माणसं, कपड्यांच्या दुकानातल्या मुलीपासून ६५ व्या वर्षी निवृत्त झालेल्या गृहस्थांपर्यंत, आणि बहुतेक जण नोकरी फेकून देत नाहीत, आहे तिथेच एखादी गोष्ट हलवतात. त्यातलं चाळिशीच्या नात्सुमीचं प्रकरण, बाळंतपणानंतर संपादकपद गेलेलं, आपल्याकडच्या बायकांना जास्त भिडेल.

पैशाबद्दल सगळ्यात रोखठोक कल्पना मात्र पुन्हा त्सुमुराचीच. २००९ च्या जानेवारीत अकुतागावा मिळालेल्या तिच्या कथेतली कारखाना-कामगार एक दिवस भिंतीवर जगप्रवासाच्या जहाजाचं पोस्टर बघते. भाडं १६ लाख ३० हजार येन. तिचा वर्षाचा पगारही जवळजवळ तेवढाच. एक वर्ष बरोबर एक फेरी, असा हिशेब डोक्यात बसतो आणि ती पैसे साठवायला लागते. जाते की नाही हे गौण. वर्षाला एक आकडा मिळाला, हे महत्त्वाचं.

एक जुनं पुस्तक नुसतं माहीत असू द्या: ताकिजी कोबायाशीची 'कानिकोसेन', १९२९ ची. कामचात्काच्या समुद्रात खेकडे पकडून डबाबंद करणारं जहाज. कारखाना म्हणून त्याला जहाजांचे नियम लागू नाहीत, आणि जहाज म्हणून कारखान्यांचे. लेखक बँकेत कारकून होता. १९३३ मध्ये पोलीस कोठडीत मेला. २००८ मध्ये, आर्थिक घसरणीच्या वर्षी, तिथल्या कंत्राटी तरुणांनी हे पुस्तक पुन्हा उचललं आणि लाखो प्रती खपल्या. हे वाचून थकवा उतरत नाही, राग येतो. तो हवा असेल तेव्हा वाचा.

आणि एक सावधगिरी. इंग्रजीतून आपल्यापर्यंत येतात ती बहुतेक छोटी, विक्षिप्त, बायकांनी लिहिलेली पुस्तकं. खुद्द जपानमध्ये नोकरीवरच्या लेखनाचा मोठा भाग वेगळाच आहे: १९५० च्या दशकाअखेरीपासून चालत आलेल्या उद्योगजगताच्या कादंबऱ्या, बँका, ठेकेदारी, सत्तेचे डावपेच. जुन इकेइदोच्या कादंबऱ्यांवरची 'हानझावा नाओकी' ही २०१३ ची मालिका एका बँक अधिकाऱ्याने वरिष्ठांचा दुप्पट सूड घेण्याची. शेवटच्या भागाला तोक्यो परिसरात ४२.२ टक्के प्रेक्षक होते. तेव्हा 'जपानी माणूस कामाकडे असं बघतो' असा निष्कर्ष तुमच्या फोनमधल्या डझनभर पुस्तकांवरून काढू नका. त्यांनाही रविवारी रात्री साहेबाला गुडघ्यावर आणलेलं बघायचं असतं.

वाचायचं कसं? रात्री अकरानंतर कामाची पुस्तकं बंद. तुमचं डोकं तेव्हा डेस्कवरच असतं, आणि कादंबरीतलं ऑफिस त्याला जोडून दिवसाचा बारावा तास होतो. नवरा म्हणतो त्यात तेवढं खरं आहे. त्सुमुरा शनिवार-रविवारी सकाळी, छापील पुस्तकात, एका आठवड्यात एकच काम. पाच कामं, पाच आठवडे, दर वेळी साधारण ८० पानं. प्रत्येक कामानंतर वहीत तीन गोष्टी: तिला यात ओढलं कशाने, काम ठरलेल्या हद्दीबाहेर कुठल्या पानावर गेलं, आणि ते तसं जावं असं कुणी सांगितलं होतं का. तिसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा 'कुणी नाही' येईल. तिथे थांबून स्वतःचं बघा.

त्याच सुमारास दहा कामाच्या दिवसांची स्वतःची नोंद करा, त्सुमुराच्या धाटणीत: क्रियापद, वस्तू, आकडा. '३८ प्रीऑथ (मंजुरीच्या विनंत्या) उघडल्या. ११ क्वेरी टाकल्या. एका रुग्णालयाच्या विमा डेस्कशी चार वेळा बोलले. नव्या मुलीच्या पाच केस तपासून दिल्या. साडेसहा ते साडेआठ : उद्याची यादी, दोन वादाचे दावे.' शेजारी मिनिटं. एवढंच. इथे बहुतेकांचं फसतं ते दोन जागी. एक, तिसऱ्या दिवसापासून वही साहेबाविषयीची तक्रारवही होते, आणि मग दहा दिवसांनी हाती राग उरतो, आकडे उरत नाहीत. विशेषणं टाळली की हे टळतं. दोन, लोक हे ऑफिसच्या लॅपटॉपवर किंवा मेलमध्ये लिहितात. तसं करू नका. ते कंपनीचं यंत्र आहे. रुग्णाचं नाव, पॉलिसी नंबर, निदान यातलं काहीही वहीत नको.

दहा दिवसांनी तीन रंगांच्या पेन्सिली घ्या. ज्यासाठी तुम्हाला नेमलंय ते एका रंगात. काम चालावं म्हणून करावं लागणारं, फोन, पाठपुरावा, एक्सेल, ते दुसऱ्या. आणि नेमलेलं नसताना तुम्ही अंगावर घेतलेलं, नव्या मुलीच्या पाच केससारखं, तिसऱ्या. अडीच तासांतला मोठा तुकडा तिसऱ्या रंगाचा निघाला तर नोकरी बदलून तो जाणार नाही. तो तुमच्यासोबत पुढच्या कंपनीतही येईल, त्या पाच कामांत गेला तसा. पहिल्याच रंगाचा निघाला तर माणसं कमी आहेत, आणि हा कागद घेऊन वरिष्ठांशी बोलता येतं. 'मी थकले' याला उत्तर 'सुट्टी घ्या' असं येतं. 'रोज ३८ प्रीऑथ, तासाची मुदत, आणि तिघांत एक जण रजेवर' याला काहीतरी वेगळं उत्तर द्यावं लागतं.

एक चाचणी आणखी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामाने जळून जाण्याची तीन लक्षणं नोंदवली: शक्ती संपणं, कामाविषयी अलिप्तपणा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्याला हे जमत नाही असं वाटणं. संघटना त्याला कामाशी निगडित अवस्था म्हणते, आजार नाही. तुमच्या पत्रात पहिलं स्पष्ट दिसतं. दुसरं आणि तिसरं दिसत नाही, स्वतःला विचारा. समोरचा दावा खोटाच असणार असं आधीच वाटायला लागलं असेल तर ते दुसरं. सुट्टीच्या दिवशीही कशातच रस नाही, दोन आठवडे झोप नाही, उगाच रडू येतंय, तर पुस्तकं बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या, कारण नुसत्या शरीराच्या थकव्यालाही आपण फार वेळा ऑफिसचं नाव देतो. जगणं नको वाटण्यापर्यंत गेलं तर सरकारी टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू आहे, मोफत आहे, मराठीतूनही बोलता येतं.

राहिला राजीनामा. त्सुमुराच्या नायिकेला बेकारीचा विमा होता. तुमच्या पगाराच्या पातळीवर इथे तसं काही मिळेल असं धरून चालू नका. सहा महिन्यांचा घरखर्च, हप्ते धरून, बाजूला हवा. नोटीस किती दिवसांची आणि शिल्लक रजेचे पैसे मिळतात का हे नेमणूकपत्रात बघा. कंपनीचा गटविमा शेवटच्या दिवशी संपतो, त्यामुळे वैयक्तिक पॉलिसी त्याआधी हातात हवी. प्रतीक्षा काळ आणि जुने आजार याबद्दल तुम्हाला आम्ही काय सांगणार, रोज इतरांच्या फाइलवर तेच शेरे मारता.

आणि नोकरी बदलण्याआधी घड्याळ बदलता येतं का ते विचारा. तुमच्याच कंपनीत रिएम्बर्समेंटच्या, म्हणजे रुग्णाने आधी बिल भरून नंतर पैसे मागायच्या, दाव्यांचा विभाग असेल. तिथे कागद तेच, कसब तेच, पण मुदत तासांत नव्हे, दिवसांत मोजतात, आणि फोनच्या पलीकडे डिस्चार्जसाठी खोळंबलेलं कुटुंब नसतं. बदलीचा अर्ज करताना दहा दिवसांची ती नोंद जोडा. फसलं तर तीन महिन्यांनी परत येण्याची सोय आधी मेलवर घ्या, तोंडी नको.

नवऱ्याला 'डायरी ऑफ अ व्हॉइड'ची सुरुवातीची वीस पानं वाचायला द्या. मीटिंग संपते, सगळे उठतात, कप तसेच राहतात. घरातले कप कोण उचलतं यावर त्या रात्री बोलणं निघालं तर निघू द्या.